विंडोज, लिनक्स आणि एआयएक्ससाठी एकच लॉगिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहकारी बँक, साखर कारखाना, इस्पितळ, इंजिनिअरिंग कॉलेज अशा ठिकाणी सर्व्हर रूममध्ये साधारण एकच चित्र दिसतं. काही विंडोज सर्व्हर, त्याहून जास्त लिनक्स, आणि कोपऱ्यात कोणीही हात न लावणारा एखादा एआयएक्स किंवा सोलारिस (युनिक्स घराण्यातल्या जुन्या प्रणाली). प्रत्येकावर वेगळी खाती, वेगळे पासवर्ड. हे सगळं एका जागी आणायला निघालेल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्याकडे पंचवीसच सर्व्हर आहेत. हाताने खाती उघडून काम चालतंय. मग ही उठाठेव कशाला?

खातं उघडताना कधीच अडत नाही, अडतं ते बंद करताना. नवा माणूस रुजू झाला की तो स्वतःच तुमच्या मागे लागून खातं उघडून घेतो. तो सोडून गेल्यावर मात्र कोणी मागे लागत नाही. एचआरचा मेल आला तर आला, आणि आला तरी ॲडमिनला आठवतील तेवढ्याच सर्व्हरवरचं खातं बंद होतं. मग ऑडिटर विचारतो, "मागच्या वर्षी राजीनामा दिलेल्यांपैकी कोणाकोणाची खाती अजून चालू आहेत?" आणि पंचवीस मशिनच्या पासवर्ड फाइल्स एक्सेलमध्ये चिकटवत बसावं लागतं. लोकांना एकच पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो, ही सोय त्यापुढे दुय्यम आहे.

तरीही पाच-सहा लिनक्स सर्व्हर, दोन ॲडमिन आणि विंडोजचा पत्ता नाही अशी स्थिती असेल, तर ॲन्सिबलने (अनेक सर्व्हरवर एकदम सेटिंग करणारं साधन) खाती आणि एसएसएच की (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करताना पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) पसरवणं पुरेसं आहे. तेवढ्यासाठी डिरेक्टरी, म्हणजे सगळ्या खात्यांची केंद्रीय नोंदवही, उभारली तर तिचीच देखभाल जास्त होईल.

केंद्रीय लॉगिन म्हणजे तांत्रिकदृष्ट्या नेमकं काय बदलतं?

लिनक्सवर दोन वेगळे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरं दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात. "हा युझर कोण, याचा नंबर काय, हा कोणत्या ग्रुपमध्ये?" याचं उत्तर लिनक्समधला एनएसएस हा भाग देतो. "याने दिलेला पासवर्ड बरोबर आहे का, याला आत सोडायचं का?" हे पॅम हा दुसरा भाग पाहतो. आजवर दोघंही स्थानिक फाइल्स वाचत होते. आता दोघांनाही डिरेक्टरीकडे बघायला सांगायचं, एवढाच बदल.

ही फोड डोक्यात पक्की असली की निम्म्या तक्रारी मिनिटात सुटतात. युझरचा नंबर दाखवणाऱ्या आयडी कमांडला युझरच सापडत नसेल तर पासवर्ड रीसेट करून काहीही होणार नाही, कारण बिघाड एनएसएसच्या बाजूला आहे. आयडी नीट उत्तर देतं पण लॉगिन होत नाही, तर पॅम किंवा केर्बेरॉस (ओळख पटवणारी यंत्रणा, पुढे येते) तपासा.

केर्बेरॉस आणि एलडॅप दोन्ही कशाला लागतात?

एलडॅप ही यादी आहे: नाव, नंबर, ग्रुप, होम डिरेक्टरी. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून ती पुढे आली. केर्बेरॉस त्याआधीचं, एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनामधलं, आणि त्याचं काम फक्त माणूस तोच आहे का हे पटवणं. विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही आपली डिरेक्टरी आणली तेव्हा या दोघांनाच एकत्र बांधलं.

केर्बेरॉसमध्ये पासवर्ड नेटवर्कवरून जात नाही. एसटीचा मासिक पास काढला की कंडक्टर दर फेरीला डेपोत फोन लावत नाही, पासावरचा शिक्का आणि तारीख बघतो. तसंच इथे सकाळी एकदा तिकीट मिळतं, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ते मुळात दहा तास चालतं, आणि पुढचे सर्व्हर त्यावरच विश्वास ठेवतात.

नुसत्या एलडॅपवरही लॉगिन चालवता येतं, पण मग प्रत्येक सर्व्हरवर पासवर्ड टाइप होतो आणि तो सर्व्हर तो पुढे पाठवतो. असं करणार असाल तर टीएलएस (वाटेतली माहिती एन्क्रिप्ट करणारी व्यवस्था) हवंच. एसएसएसडी (लिनक्सला डिरेक्टरीशी जोडणारी सेवा) तर एन्क्रिप्शन नसलेल्या एलडॅपवर पासवर्ड तपासायलाच नकार देतं, आणि ते बरोबरच आहे.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी आधीच आहे. लिनक्ससाठी वेगळी डिरेक्टरी उभारू का?

बहुतेक ठिकाणी नको. लिनक्स सर्व्हर थेट ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडा, रिअल्मडी या साधनाने ते काम एका कमांडचं केलं आहे. लिनक्सची संख्या शेकड्यांत असेल, कोणी कोणत्या मशिनवर यायचं आणि कोणाला कुठे सूडो (ॲडमिनचे अधिकार) द्यायचं याचे बारीक नियम हवे असतील, तर फ्रीआयपीए (लिनक्ससाठीची डिरेक्टरी) उभारून तिचा ॲक्टिव्ह डिरेक्टरीशी ट्रस्ट (तिकडची खाती मानण्याची व्यवस्था) करणं योग्य. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फ्रीआयपीएला ॲक्टिव्ह डिरेक्टरीपेक्षा वेगळं डीएनएस डोमेन (नेटवर्कवरच्या नावांचं क्षेत्र) लागतं, हे सुरुवातीला ठरवलं नाही तर नंतर सगळं पाडून पुन्हा बांधावं लागतं. आणि तिच्यात "सगळ्यांना सगळीकडे प्रवेश" हा नियम मुळातच चालू असतो. तो बंद केल्याशिवाय तुमच्या बारीक नियमांना काही अर्थ नाही.

विंडोज सर्व्हरच्या लायसन्सला बजेट नसेल तर सांबा हे मोफत सॉफ्टवेअर आहे. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून ते स्वतः ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर (डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) होऊ शकतं, आणि छोट्या संस्थेला ते पुरतं. उलट, फ्रीआयपीएने विंडोज मशिन सांभाळता येतील का असंही विचारतात. नाही. ती त्या कामासाठी नाहीच.

एसएसएसडी वापरायचं की विनबाइंड?

फक्त लॉगिन हवं असेल तर एसएसएसडी. त्याच मशिनवरून सांबाने फाइल शेअर करायच्या असतील तर विनबाइंड, म्हणजे सांबाबरोबर येणारी तशीच सेवा.

यूआयडीचा (युझरच्या नंबरचा) एवढा बाऊ का करतात?

कारण सगळं खरं काम तिथेच आहे. सर्व्हर डोमेनला जोडणं दुपारच्या चहाआधी होतं. नंबर जुळवायला महिने लागतात, आणि ते न जुळवता पुढे गेलात तर नुकसान शांतपणे होतं, एकही एरर न दाखवता.

लिनक्सच्या लेखी फाइलचा मालक म्हणजे एक आकडा. एका सर्व्हरवर १००३ म्हणजे अकाउंट्स विभागातल्या बाई, दुसऱ्यावर १००३ म्हणजे ओरॅकलचं खातं. दोन्ही मशिन स्वतंत्र होती तोवर कोणाचं काही बिघडत नव्हतं. एकाच एनएफएस (नेटवर्कवरून फाइल वाटून वापरण्याची पद्धत) शेअरवर दोघं आले की बाईंना डेटाबेसच्या डंप फाइल्सची मालकी मिळते.

विंडोजकडे हे आकडे नसतात, तिथे प्रत्येकाला सिड नावाचा लांबलचक ओळखक्रमांक असतो. त्याचा यूआयडी कसा बनवायचा याचे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, गणिताने: एसएसएसडी डोमेनच्या सिडवरून आकड्यांचा एक पट्टा निवडतं आणि युझरचा शेवटचा क्रमांक त्यात मिळवतं. सेटिंग सगळीकडे सारखं असेल तर प्रत्येक मशिनवर उत्तरही सारखंच येतं. दुसरा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीतच प्रत्येकाचा यूआयडी लिहून ठेवायचा. त्यासाठीचे रकाने विंडोज सर्व्हर २००३ आर२ पासून तिथे आहेत. २०१६ च्या आवृत्तीत युनिक्सचा वेगळा टॅब आणि एनआयएस (युनिक्सची जुनी डिरेक्टरी) सर्व्हर काढून टाकले, त्यामुळे सोयच गेली असं अनेकांना वाटतं. रकाने गेलेले नाहीत. ते पॉवरशेलने किंवा ॲट्रिब्यूट एडिटरमधून भरता येतात.

माझं मत: सगळे सर्व्हर नवेकोरे असतील तर गणित वापरा. जुना डेटा, एनएफएस किंवा एआयएक्स असेल तर आकडे लिहूनच ठेवा. टाळायचा तो तिसरा मार्ग, विनबाइंडचा टीडीबी बॅकएंड. तो जो पहिला येईल त्याला पुढचा नंबर देतो, म्हणजे दोन मशिनवर एकाच माणसाला दोन नंबर.

जुन्या फाइल्सचे मालक बदलायचे कसे?

आधी प्रत्येक सर्व्हरवरची नावं आणि यूआयडी एका शीटमध्ये आणा आणि यूआयडीनुसार लावा. एका आकड्यापुढे दोन नावं आणि एका नावापुढे दोन आकडे, असे दोन्ही प्रकार निघतील. नवे आकडे आजवर कुठेच न वापरलेल्या उंच पट्ट्यातले घ्या. नाहीतर १००१ चं १००५ करायचं, आणि १००५ चं काही दुसरं करायचं, या अदलाबदलीत दोघांच्या फाइल्स एक होतात आणि मग त्या वेगळ्या करायला कोणताच मार्ग राहत नाही.

मालक बदलण्यापूर्वी सेवा थांबवा. मालक बदलला की एक्झिक्युटेबलवरचा सेटयूआयडी बिट (प्रोग्राम मालकाच्या अधिकारांनी चालवणारी खूण) लिनक्स स्वतःहून उडवतं, म्हणून असे बिट असलेल्या फाइल्सची यादी आधी काढून ठेवा. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि एसीएल (फाइलवरच्या जादा परवानग्यांची यादी) हेही तपासा. एसीएलमध्ये जुने आकडे लपून बसतात आणि मालक बदलणाऱ्या कमांडला ते दिसत नाहीत. जुने बॅकअप हा वेगळाच विषय. जीएनयू टार हे बॅकअपचं साधन रूट या सर्वाधिकारी खात्याने चालवलं तर आधी नाव जुळवून पाहतं आणि नाव नसेल तर आकडा वापरतं. सगळी बॅकअप सॉफ्टवेअर असं करत नाहीत, तेव्हा एक रिस्टोअर प्रत्यक्ष करून बघा.

आणि सोडून गेलेल्याचा यूआयडी नव्या माणसाला कधीही देऊ नका. जुन्याच्या फाइल्स आपोआप नव्याच्या होतात.

युझरनेम कसं ठरवावं?

आडनावावरून ठेवू नका. आपल्याकडे एका खात्यात चार पाटील आणि तीन जाधव सहज असतात, मग पाटील २, पाटील ३ सुरू होतं आणि मेल चुकीच्या पाटलांना जातात. शिवाय लग्नानंतर आडनाव बदललं की युझरनेम बदलून द्या अशी विनंती येते. यूआयडी तोच राहिला तर फाइल्सना धक्का लागत नाही, पण होम डिरेक्टरी, क्रॉन, सूडोचे नियम आणि कोणत्यातरी स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं जुनं नाव हे सगळं शोधावं लागतं. कर्मचारी क्रमांक हाच उत्तम पाया. दिसायला रुक्ष आहे, पण त्यावर भांडण होत नाही.

एआयएक्स असेल तर लांबी बघा. तिथे मूळ सेटिंगमध्ये युझरनेम आठ अक्षरांपर्यंतच चालतं. मर्यादा वाढवता येते, पण त्यासाठी मशिन रीबूट करावं लागतं, आणि जे मशिन कोणीही हात लावू देत नाही त्याच्या रीबूटची परवानगी मिळवणं हे स्वतंत्र प्रकरण असतं.

सर्व्हर जोडण्यापूर्वी काय तपासावं?

डीएनएस, वेळ आणि मशिनचं नाव.

डोमेन कंट्रोलर कुठे आहे हे क्लायंट डीएनएसच्या एसआरव्ही नोंदींवरून शोधतो. लिनक्स सर्व्हर इंटरनेट पुरवठादाराचा डीएनएस वापरत असेल तर त्याला तो सापडणार नाही.

घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर केर्बेरॉस तिकीट नाकारतं. भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा सर्व्हरशी जुळवायची आहेत. एक अंतर्गत एनटीपी सर्व्हर उभारा, त्याला या स्रोताशी जोडा, आणि डोमेन कंट्रोलरसकट सगळ्यांना त्याच्याकडे वळवा.

नावाचं मात्र कोणी सांगत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मशिनचं छोटं नाव १५ अक्षरांचं असतं, पुढची कापली जातात. शहर, विभाग, काम आणि शेवटी ०१, ०२ अशी नावं ठेवायची आपल्याला आवड. पहिली पंधरा अक्षरं सारखी आणि फरक फक्त शेवटच्या आकड्यात असला, तर दुसरा सर्व्हर जोडताना तो पहिल्याच्याच खात्यावर जाऊन बसतो. दुसऱ्यावर सगळं सुरळीत दिसतं, पहिल्यावरची लॉगिन मात्र बंद पडायला लागतात, आणि तिथे तर कोणी काहीच बदललेलं नसतं.

डोमेन कंट्रोलर बंद पडला किंवा शाखेची लिंक तुटली तर?

डोमेन कंट्रोलर किमान दोन हवेत, आणि दोन्ही एकाच फिजिकल होस्टवर नकोत. शाखेच्या सर्व्हरसाठी एसएसएसडीची कॅश आहे: त्या मशिनवर आधी यशस्वी लॉगिन केलेल्याला लिंक नसतानाही त्याच पासवर्डने आत येता येतं. जो तिथे कधीच आलेला नाही, त्याला येता येणार नाही. म्हणून शाखेचं काम बघणाऱ्या ॲडमिनने प्रत्येक मशिनवर एकदा तरी लॉगिन करून ठेवावं. या कॅशला मूळ सेटिंगमध्ये मुदत नसते. ती काही दिवसांची करा, नाहीतर नेटवर्कची केबल काढून जुना पासवर्ड चालवता येतो.

रूटचं काय? तेही डिरेक्टरीत घालायचं?

अजिबात नाही. रूट आणि विंडोजचा स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर स्थानिकच राहू द्या. पासवर्ड प्रत्येक मशिनचा वेगळा ठेवा, कुलपात किंवा व्हॉल्टमध्ये, आणि वापर झाला की बदला.

व्हर्च्युअलायझेशनच्या कन्सोलचं लॉगिनही लोक उत्साहाने ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडतात. वीज जाऊन सगळं बंद झाल्यावर कळतं की डोमेन कंट्रोलर ज्या होस्टवर आहेत तो सुरू करायला कन्सोल लागतो, आणि कन्सोलमध्ये शिरायला डोमेन कंट्रोलर. तिथे एक स्थानिक खातं हवंच, आणि होस्टचा आयपी पत्ता कागदावर लिहिलेला असावा, कारण त्या वेळी डीएनएसही पडलेलं असतं.

खातं डिसेबल केलं, तरी तो माणूस लिनक्सवर लॉगिन करतोय. कसं काय?

एसएसएच की. हा प्रश्न उशिरा विचारला जातो, आणि खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा.

कीने लॉगिन होतं तेव्हा पासवर्ड तपासण्याची पायरीच वगळली जाते. की त्याच्या होम डिरेक्टरीत पडलेली असते, एसएसएच ती जुळवून बघतं आणि मान्य करतं. डिरेक्टरीला विचारलं जातं ते पॅमच्या पुढच्या, खात्याच्या पायरीत. तिथे एसएसएसडीचा ॲक्सेस प्रोव्हायडर (कोणाला आत सोडायचं हे ठरवणारं सेटिंग) एडी, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी, असेल तर खातं बंद आहे हे कळतं आणि दार लागतं. पण सेटिंग फाइलमध्ये ती ओळच नसेल तर मूळ किंमत परमिट आहे, म्हणजे सगळ्यांना या. रिअल्मडीने जोडलेल्या मशिनवर ती ओळ आपोआप येते. इंटरनेटवरून उचललेल्या सेटिंग फाइलमध्ये बरेचदा नसते. एसएसएचच्या सेटिंगमध्ये पॅमचा वापर बंद असेल तरीही हीच गत.

चाचणी सोपी आहे. एक तात्पुरतं खातं उघडा, त्याची की एका सर्व्हरवर ठेवा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत खातं डिसेबल करा आणि लॉगिन करून बघा. प्रत्येक प्रकारच्या सर्व्हरवर हे करा. आधीच चालू असलेलं सेशन मात्र डिसेबल केल्याने तुटत नाही. ते हातानेच मारावं लागतं, आणि त्याच्या नावावरचे क्रॉनही बघावे लागतात.

पासवर्ड बरोबर, आयडी बरोबर, तरी "परमिशन डिनाइड" येतं.

विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत (अनेक मशिनना एकदम लावायच्या नियमांत) डोकवा. नव्या एसएसएसडीत ग्रुप पॉलिसीचे लॉगिनचे नियम लिनक्सवरही लागू होतात. विंडोज टीमने रिमोट डेस्कटॉपची परवानगी ठरावीक ग्रुपपुरती ठेवली असेल, तर तोच नियम एसएसएचला लागतो. दोन्ही टीम आपापल्या जागी बरोबर असतात आणि तक्रार दोघांच्यात टोलवली जाते. लिनक्स सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या वेगळ्या ओयूमध्ये (विभागात) ठेवले की हा गुंता सुटतो.

खातं वारंवार लॉक होतंय, युझर म्हणतो मी काहीच केलं नाही.

तो खरं बोलतोय. पासवर्ड बदलला, पण कुठल्यातरी सर्व्हरवरच्या क्रॉनमध्ये किंवा मॅप केलेल्या ड्राइव्हमध्ये जुनाच राहिलाय, आणि तो थोड्या थोड्या वेळाने दार ठोठावतोय. आधी यात एकाच मशिनचं खातं लॉक व्हायचं, आता सगळीकडचं होतं. डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० ही घटना शोधा, लॉक कुठून झालं ते त्यात असतं. इंटरनेटला उघडा असलेला एसएसएच सर्व्हर डोमेनला जोडू नका. बाहेरचा कोणीही चुकीचे पासवर्ड मारून तुमच्या व्यवस्थापकीय संचालकांचं खातं लॉक करू शकतो.

ओरॅकल, अपाची यांची खातीही डिरेक्टरीत न्यावीत का?

नको. स्थानिकच ठेवा, फक्त नंबर सगळीकडे सारखे करा. डेटाबेस सुरू व्हायच्या वेळी डिरेक्टरीशी संपर्क झालेला नसेल तर मालकच सापडत नाही.

व्हीएमचा (व्हर्च्युअल मशिनचा) जुना स्नॅपशॉट परत आणला आणि लॉगिन बंद झालं.

मशिनचाही डोमेनमध्ये एक पासवर्ड असतो आणि तो साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलतो. स्नॅपशॉटमध्ये जुना, डोमेनकडे नवा. स्थानिक खात्याने आत जा आणि पुन्हा जॉइन करा. जोडलेल्या मशिनचा क्लोन काढणंही टाळा. क्लोन काढायचा तो जोडण्यापूर्वी.

अजून एनआयएस चालू आहे. राहू द्यावं का?

काढा. १९८० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सने ते आणलं तेव्हा नेटवर्कवरच्या सगळ्यांवर विश्वास ठेवता येत होता. आज त्याच नेटवर्कवरचा कोणीही एका कमांडने सगळ्यांचे पासवर्ड हॅश वाचू शकतो. रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या आवृत्ती ९ मधून ते काढूनच टाकलं आहे. एनआयएसमधले यूआयडी मात्र जपून उतरवून घ्या, वरच्या शीटची सुरुवात तिथूनच होईल.

क्लाउडवरच्या एन्ट्रा आयडीलाच सर्व्हर जोडले तर?

२०२३ पर्यंत मायक्रोसॉफ्ट ज्याला ॲझ्युअर एडी म्हणत होतं तेच हे. नाव सारखं होतं म्हणून गैरसमज होतो, पण तुमच्या सर्व्हर रूममधल्या जुन्या लिनक्सशी ते एलडॅपमध्ये बोलत नाही. त्यासाठी त्यांची डोमेन सर्व्हिसेस ही वेगळी, पैसे मोजून घ्यायची सेवा आहे. एआयएक्ससाठी तर आतली डिरेक्टरीच बरी.

लॉग किती दिवस ठेवायचे?

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत १८० दिवस सांगितले आहेत. फक्त डोमेन कंट्रोलरचे लॉग पुरणार नाहीत. कीने झालेलं लॉगिन तिथे दिसत नाही, ते त्या त्या सर्व्हरच्या लॉगमध्येच असतं.

स्विच, राउटर आणि फायरवॉलचं लॉगिनही इथेच आणता येईल का?

येईल, रेडियस किंवा टॅकॅक्स प्लस (नेटवर्क उपकरणांचं लॉगिन तपासणाऱ्या पद्धती) मधे घालून. रेडियससाठी विंडोजवर एनपीएस, लिनक्सवर फ्रीरेडियस. रेडियसमधला २०२४ मध्ये उघड झालेला ब्लास्टरेडियस हा दोष लक्षात घेऊन दोन्ही टोकांचे पॅच लावा. आणि प्रत्येक स्विचवर एक स्थानिक खातं ठेवाच, कारण रेडियस सर्व्हरपर्यंतची वाट त्याच स्विचमधून जाते.